टिप, सर्व्हिस चार्ज आणि दिवाळीची पोस्त

प्रश्न : चौघं जेवायला गेलो होतो. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला होता, तरी वेटर बडीशेपेची वाटी ठेवून घुटमळत राहिला. दोन्ही द्यायचे असतात का? टिप मोजायची कशावर? (डोंबिवली)

सर्व्हिस चार्ज द्यायलाच हवा असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं की हॉटेलने तो आपणहून बिलात घालू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ही मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. पैसे देण्याआधीच मॅनेजरला शांतपणे सांगा, ‘सर्व्हिस चार्ज काढून बिल पुन्हा छापून द्या.’ ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. वेटरशी मात्र वाद घालू नका, बिल त्याने लावलेलं नसतं.

नुसता पेनाने आकडा खोडून घेऊ नका, कारण जीएसटी त्या चार्जवरही लागलेला असतो. समजा जेवण १,८४० रुपयांचं. चार्ज १८४, बेरीज २,०२४, त्यावर ५ टक्के जीएसटी १०१.२०, म्हणजे एकूण २,१२५.२०. चार्ज काढून नवं बिल केलं तर १,८४० अधिक ९२, म्हणजे १,९३२. फरक १८४ चा नाही, १९३.२० चा.

टिप मोजायची ती जेवणाच्या रकमेवर, कराच्या बेरजेवर नाही. साध्या हॉटेलात बिलाखाली सीजीएसटी आणि एसजीएसटी अडीच-अडीच टक्के असतात. वरच्या उदाहरणात ४६ आणि ४६. दोन्हींची बेरीज ९२, ही झाली पाच टक्के टिप. तिची दुप्पट १८४, ही दहा टक्के. बसून जेवलात, वाढणं नीट झालं, तर पाच ते दहा टक्क्यांत टिप शोभते. मोठ्या हॉटेलांत जीएसटी १८ टक्के असू शकतो आणि दारूवर जीएसटीऐवजी व्हॅट लागतो. तिथे ही युक्ती चालत नाही, मूळ रकमेचा दहावा भाग काढा.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून १,९३२ च्या बिलाला २,१०० पाठवले की वरचे १६८ मालकाच्या खात्यात जातात. वेटरला ते मिळतीलच असं नाही. टिप रोख, त्याच्या हातात द्या. त्यासाठी पाकिटात पन्नास-शंभराच्या नोटा हव्यातच.

प्रश्न : घरकामाच्या मावशी मे महिन्यापासून येतात. दिवाळीला पूर्ण पगार पोस्त द्यायची का? वॉचमनचं काय? (कोथरूड, पुणे)

वर्षभर काम केलेल्या मावशींना एक पगार, ही शहरांतली रुळलेली रीत. वर्ष भरलं नसेल तर पगार गुणिले महिने भागिले बारा. २,४०० पगार आणि मे ते नोव्हेंबर सात महिने झाले असतील तर १,४०० रुपये. हा हिशेब कमीत कमीचा समजा. मधल्या सुट्ट्या यातून कापू नका आणि उचल दिली असेल तर ती पोस्तीतून वळती करू नका. पोस्त हा सणाचा पैसा आहे, उचलीचा हिशेब पगारात होतो. फराळाचा डबा त्याच्या जोडीला, बदल्यात नाही. आणि द्यायची ती वसुबारसेच्या आधी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिलेल्या पैशांतून त्यांच्या मुलांचे कपडे यायचे कधी?

वॉचमनसाठी सोसायटीने वर्गणी काढणं बरं. गेटवर जो दिसतो त्याला चार घरांतून मिळतं, रात्रपाळीचा आणि बदलीचा माणूस कोरडा राहतो. प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पाकीट करा. जिना झाडणारे आणि कचरा नेणारे या यादीत आठवणीने घ्या.

प्रश्न : सिलिंडरवाला दर वेळी वर तीस रुपये मागतो. द्यावे लागतात का? (नाशिक)

नाही. घरपोच आणण्याचा खर्च पावतीच्या किमतीत धरलेला असतो. लिफ्ट नसताना तिसऱ्या मजल्यावर चढवून दिलं तर वीस-तीस खुशीने द्या. पण पावती हातात घेऊन, तिच्यावरचा आकडा पाहून.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला निघालोय. तिथे टिप किती? (सांगली)

बसून जेवाल तिथे कराआधीच्या रकमेवर १५ ते २० टक्के. केंद्रीय कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचं किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे, बाकीचं टिपमधून भरून येणं धरलेलं असतं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन मिळतं, तरी टिपची रीत तीच. ६४ डॉलरचं जेवण असेल तर दहा टक्के ६.४०, त्यात निम्मे ३.२० मिळवले की पंधरा टक्के, ९.६०. वीस टक्के म्हणजे १२.८०.

सहा किंवा जास्त माणसं असतील तर आधी बिल वाचा. ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून अनेकदा १८ टक्के आधीच घातलेले असतात, वर पुन्हा देऊ नका. कार्डाने पैसे देताना चिठ्ठीवर टिपची ओळ भरा आणि खाली एकूण आकडा स्वतः लिहा. मोबाइलवर आधी टिपविना रकमेचा मेसेज येतो, टिप धरून रक्कम एक-दोन दिवसांनी दिसते. पैसे दोनदा कापले गेलेले नसतात. काउंटरवरून कॉफी उचलताना स्क्रीनवर टिपचे आकडे आले तर ‘नो टिप’ दाबायला हरकत नाही.