वाचकांचे प्रश्न: ह्या फुटबॉलवाल्याचा नक्की क्लब कोणता?

मागच्या अंकात लुट्झ फानेनस्टील ह्या जर्मन गोलकीपरवर एक छोटी चौकट टाकली होती, फिफाच्या सहाही कॉन्फेडरेशनमध्ये (म्हणजे खंडवार फुटबॉल संघटनांमध्ये) प्रोफेशनल खेळलेला पहिला माणूस, एकूण पंचवीस क्लब, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी क्रिकेटचे प्रश्न बाजूला ठेवलेत, क्रिकेटवाल्यांनी रागवू नका, पुढच्या अंकात तुमचाच नंबर.

प्रश्न (मिरज): सर, पंचवीस क्लब म्हणजे पंचवीस वेळा हाकललं असंच ना? चांगल्या खेळाडूला क्लब सोडतात का? ह्यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

उत्तर: प्रश्न रोखठोक आहे, आवडला. पण तुम्ही हिशेब उलट्या बाजूने धरलाय. पंचवीस वेळा सोडलं म्हणता, मग पंचवीस वेळा कुणीतरी घेतलं पण ना. आणि गोलकीपरला घेणं म्हणजे टीममध्ये एकच जागा असते, तिथे बाहेर देशातून माणूस आणायचा, त्याचा व्हिसा, घर, विमान, सगळं करायचं, हे कोणी दया म्हणून करत नाही.

फानेनस्टील बव्हेरियातल्या झ्वीझेलचा, जन्म 1973. बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या टीमची ऑफर होती पण तिथे मोठ्या कीपरच्या मागे रांगेत उभं राहायचं म्हणून हा पठ्ठ्या विशीच्या आतच मलेशियात पेनांगला गेला. तिथून मग इंग्लंड, सिंगापूर, फिनलंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, नॉर्वे, कॅनडा, अल्बेनिया, आर्मेनिया, आणि 2008 मध्ये ब्राझीलमधला एक छोटा क्लब केला तेव्हा सहावं कॉन्फेडरेशन पूर्ण झालं. आता ह्यात एक गंमत बघा, नॉर्वेची लीग वसंत ते शरद चालते आणि न्यूझीलंडची तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात असायची, त्यामुळे दोन्हीकडे ओळख असेल तर माणूस वर्षभर पगारावर राहू शकायचा. भटकणाऱ्या खेळाडूला नकाशापेक्षा कॅलेंडर जास्त पाठ असतं. जानेवारीत कुठला कीपर जखमी झाला, कुठे ट्रान्सफर विंडो (नवे खेळाडू घ्यायची मुदत) उघडी आहे, कुठे परदेशी खेळाडूचा कोटा शिल्लक आहे, ह्यावर त्याची चूल पेटते.

आणि ग्लॅमर म्हणाल तर 2001 मध्ये सिंगापूरला मॅच फिक्सिंगच्या आरोपाखाली त्याला 101 दिवस तुरुंगात काढावे लागले, आरोप त्याने कायम नाकारला. पुढच्याच वर्षी 26 डिसेंबरला इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यूकडून खेळताना समोरच्या खेळाडूचा गुडघा छातीवर बसला, मैदानातच श्वास थांबला, फिजिओने तोंडाने श्वास देऊन परत आणला. ही काही प्रीमियर लीग नव्हती हो, खालच्या डिव्हिजनची मॅच होती, तिथे कॅमेरे नसतात आणि मोठमोठ्या मेडिकल टीमही नसतात. तरी गडी परत खेळायला लागला.

दुसरं उदाहरण उरुग्वेच्या सेबास्टियन आब्रेऊचं, टोपणनाव ‘लोको’ म्हणजे येडा. 2017 मध्ये चिलीच्या आउदाक्स इटालियानोत गेला तेव्हा सव्विसावा क्लब झाला आणि सगळ्यात जास्त क्लबांकडून खेळण्याचा गिनीजचा रेकॉर्ड त्याच्या नावावर लागला, नंतर तो आकडा तिशीच्या पुढे गेला, 2021 मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी थांबला. आता ह्याला टाकाऊ म्हणायचं का? 2010 च्या वर्ल्डकपात घानाविरुद्ध क्वार्टर फायनल, सुआरेझने हाताने बॉल अडवला तीच मॅच, पेनल्टी शूटआउटमधली शेवटची किक आब्रेऊकडे आली. गोल झाला तर सेमीफायनल. लोकांचे पाय लटपटतात तिथे ह्याने बॉल हळूच वर उचलून मधोमध टाकला, कीपर किंग्सन बिचारा एका बाजूला झेप घेऊन गेलेला. उरुग्वे 1970 नंतर पहिल्यांदा सेमीफायनलला पोचलं. मला तर वाटतं इतक्या ड्रेसिंग रूममध्ये नवखा म्हणून शिरलेल्या माणसाला भीती कसली वाटणार.

एक कायद्याची बाजू पण आहे. 1995 च्या डिसेंबरात युरोपच्या कोर्टाने बोसमन केसचा निकाल दिला त्याआधी करार संपला तरी जुना क्लब ट्रान्सफर फी मागू शकायचा. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमनला लिएजचा क्लब सोडून फ्रान्समध्ये डंकर्कला जायचं होतं, फीवरून अडकवून ठेवलं, पाच वर्षं कोर्टात गेली आणि त्याचं स्वतःचं करिअर त्यातच संपलं. पण आज करार संपला की खेळाडू मोकळा, शेवटच्या सहा महिन्यांत पुढच्या क्लबशी सही पण करू शकतो. म्हणून एकेक वर्षाचे करार, म्हणून लांबलचक याद्या. त्यातले बरेच जण हाकललेले नसतात, करार संपलेला असतो इतकंच.

प्रश्न (म्हापसा): आमच्या गोव्यात इतके परदेशी प्लेयर येऊन गेले, त्यातला सगळ्यात भारी कोण तुमच्या मते? आणि ते लोक इथे फक्त पैशासाठीच येतात का?

उत्तर: भारी म्हणाल तर फेरान कोरोमिनास, आपला कोरो. वय चौतीस, स्पेनच्या एस्पान्योल, एल्चे, मायोर्का अशा क्लबांतून सायप्रसला पोचलेला, तिथून 2017 मध्ये एफसी गोवात. तेव्हा मला वाटलेलं पेन्शनीत आलाय. पहिल्या सीझनला 18 गोल, दुसऱ्याला 16, तिसऱ्याला 14, तीन सीझनचे 48. ह्याच माणसाने 2006 मध्ये शेवटच्या दिवशी जादा वेळेत गोल मारून एस्पान्योलला ला लीगात, म्हणजे स्पेनच्या वरच्या लीगमध्ये टिकवलं होतं हे फातोर्ड्याच्या स्टेडियमवर ओरडणाऱ्यांपैकी कितींना माहीत असेल कोण जाणे.

पैशासाठी येतात का, तर हो, येतात, तुम्ही आम्ही पण नोकरी कशाला करतो. पण त्या पैशाची किंमत काय असते ते गोवेकरांना सांगायला नको. गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर. 5 डिसेंबर 2004, बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. पहिला गोल त्याने मारला, दुसराही त्यानेच मारला आणि तो मारतानाच कीपरशी टक्कर होऊन खाली पडला तो उठलाच नाही. धेंपो 2-0 ने जिंकले. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर त्यावेळी खूप टीका झाली, धेंपोने त्याची 10 नंबरची जर्सी कायमची काढून ठेवली. घरापासून इतक्या लांब, नोकरीच्या मैदानावर. त्यामुळे ‘फक्त पैशासाठी’ हे दोन शब्द मला जरा टोचतात, माफ करा.

मुंबईकरांसाठी सांगतो, ब्राझीलचा जोझे बरेटो पण ह्याच जातकुळीतला, पोर्तो अलेग्रेहून कोलकात्याच्या मोहन बागानात, मधे मलेशिया, मग मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि 2005-06 ची नॅशनल लीग जिंकून मुंबईत आणली. नंतर परत मोहन बागान. काही जण फिरता फिरता इथलेच होऊन जातात.

प्रश्न (पुणे): आपल्यापैकी कोणी असं बाहेर फिरून खेळलंय का?

उत्तर: थोडे आहेत. बायचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबात, नंतर मलेशियात पेराक आणि सेलांगोरचा एक क्लब. गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेकमध्ये, 2016 मध्ये युरोपा लीगच्या क्वालिफायरमध्ये उतरला. मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडून 2022 मध्ये महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. अडचण टॅलेंटची कमी आणि कागदांची जास्त असते. सुनील छेत्रीला 2009 मध्ये इंग्लंडचा क्वीन्स पार्क रेंजर्स क्लब घ्यायला तयार होता पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही म्हणून ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं. खेळाडू तोच, पासपोर्ट वेगळा असता तर गेला असता.

प्रश्न (कोल्हापूर): नमस्कार. मुलगा 17 वर्षांचा, तालमीच्या संघात स्ट्रायकर आहे. एक एजंट युरोपात ट्रायल लावून देतो म्हणतोय, चार लाख आधी मागतोय, म्हणतो सहा महिन्यांत करार. शाहू स्टेडियमवर सगळे म्हणतात पोरगं चांगलं आहे. द्यावे का पैसे?

उत्तर: देऊ नका. आधी एवढं वाचा आणि मग बाकीचं.

फिफाच्या नियमानुसार अठराच्या आतल्या खेळाडूचं दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही, अपवाद आहेत पण ते पालक फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले किंवा युरोपातल्याच पोरांना वगैरे लागू होतात, कोल्हापूरच्या पोराला नाही. म्हणजे सतराव्या वर्षी ‘सहा महिन्यांत करार’ हे शक्य व्हायला पोरगं आधी अठराचं व्हावं लागेल. खऱ्या एजंटकडे फिफाचं लायसन्स असतं, परीक्षा देऊन मिळालेलं, त्याचं नाव फिफाच्या यादीत बघता येतं. अल्पवयीन खेळाडूशी बोलणी करायची तर त्याला पालकांची लेखी संमती लागते. आणि त्याची कमाई खेळाडूच्या करारातून टक्केवारीने निघते, ट्रायलच्या आधी बापाच्या खिशातून नाही. ज्या क्लबला खरंच बघायचंय तो स्वतः लेटरहेडवर बोलावतो, त्या क्लबला तुम्ही स्वतः ईमेल करा, त्याच्या वेबसाइटवरचा पत्ता घेऊन, एजंटने दिलेला नाही.

तुमच्याच गावचा अनिकेत जाधव आहे की, 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप भारताकडून खेळला, नंतर इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबकडे ट्रेनिंगलाही जाऊन आला. तो इथूनच दिसला, अकादमी, मग देशाची टीम, मग बाहेर. वाट लांबची आहे पण तिच्यावर चार लाखांचा टोल नाही.

आणि समजा उद्या अठराचा झाला आणि कुठे लहान देशात करार मिळालाच तर तीन गोष्टी बघा. करार लेखी आणि त्याची सही केलेली प्रत हातात हवी. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट (दुसऱ्या देशात खेळायला लागणारा कागद) आलंय का, त्याशिवाय मॅच खेळता येत नाही. आणि पगार, कारण अशा खेळाडूंचं सगळ्यात मोठं दुखणं पगार थकणं हेच आहे, दोन महिने थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी करार मोडता येतो, फिफाकडे तक्रारही करता येते, क्लबने निकाल मानला नाही तर त्याला नवे खेळाडू घेण्यावर बंदी येते. हे तिकडे पोचलेल्या पोराला कोणी सांगत नाही, तो बिचारा पुढच्या महिन्यात देतो म्हणाले म्हणून बसून राहतो.

त्या एजंटला लायसन्स नंबर मागा, आजच, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी. दिला तर मला पाठवा, यादीत बघून सांगतो.