प्राण्यांवरील पहिला प्रयोग आखताना

नियमांची जंत्री पाहून नवख्याने बिचकणे स्वाभाविक आहे. परंतु १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या ब्रिटिश संशोधकांनी मांडलेली तीन तत्त्वे नीट समजली, की जगभरच्या बहुतेक नियमांचा रोख कळतो.

१. पर्याय: प्राण्याविना उत्तर मिळत असेल, तर प्राणी वापरायचा नाही.

२. संख्या: उत्तर मिळण्यास लागतील तेवढेच प्राणी वापरायचे, जास्त नाहीत. सर्वाधिक चुका येथेच होतात. ‘प्रत्येक गटात सहा उंदीर’ हा आकडा जुन्या प्रबंधातून उचलला जातो आणि प्रयोगाच्या अर्जाला मंजुरी देणाऱ्या प्राणी नीतिसमितीने कारण विचारले की उत्तर सुचत नाही. संख्या फारच कमी ठेवली आणि निष्कर्षच निघाला नाही, तर सगळे प्राणी वाया जातात. म्हणून संख्याशास्त्रज्ञाला अर्ज लिहिण्याआधी भेटा.

३. यातना कमी करणे: यात केवळ वेदनाशामके येत नाहीत. उंदीर शेपटीला धरण्याऐवजी नळीतून किंवा ओंजळीतून उचलला, तर तो कमी घाबरतो. वजन किती टक्के घटल्यास प्रयोग थांबवायचा, हेही आधीच लिहून ठेवा. आयत्या वेळी ‘आणखी एक दिवस पाहू’ असा मोह भल्याभल्यांना होतो.

भारतात संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीपूर्वी प्रयोग सुरू करता येत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांविषयीचा युरोपीय संघाचा २०१० चा निर्देश तूर्त बाजूला ठेवलात तरी चालेल. ‘अराइव्ह’ ही, प्राण्यांवरील प्रयोगाबद्दल शोधनिबंधात काय काय नोंदवायचे ते सांगणारी मार्गदर्शक सूची मात्र आताच वाचा. ती शोधनिबंधासाठी असली, तरी तिच्यात विचारलेली प्राण्यांची यादृच्छिक (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी) गटवाटणी प्रयोग उरकल्यावर करता येत नाही.