काउबॉय सिनेमाचा पहिला हिरो कोण? आणि पुढे त्याचं काय झालं?

हा प्रश्न निघाला की बहुतेक जण जॉन वेन या गाजलेल्या काउबॉय नटाचं नाव घेतात, पण जॉन वेन शाळेत पाटी-दप्तर घेऊन जात होता तेव्हाच या माणसाची कारकीर्द संपत आली होती. पडद्यावरचं नाव ब्रॉन्को बिली अँडरसन. खरं नाव मॅक्सवेल हेन्री अॅरनसन, जन्म १८८० चा, अर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉकमधल्या ज्यू कुटुंबातला. थोडक्यात काउबॉयशी सुतराम संबंध नाही.

मला हे सगळं माहीत असायचं कारण साधं आहे, मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहते. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, मराठी माणसं कमी नाहीत आणि फ्रीमाँट तर भारतीयांनी भरलेलं आहे, पण त्यातल्या नाइल्स भागात एकेकाळी जगभर चालणारे सिनेमे बनायचे हे मलासुद्धा इथे येऊन चार वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं. तिथे मूकपटांचं एक म्युझियम आहे आणि त्याच्याच १९१३ सालच्या छोट्याशा थिएटरात शनिवारी रात्री मूकपट दाखवतात, खाली एक जण पडद्याकडे बघत बघत पियानो वाजवत असतो. मी पहिल्यांदा गेले ते पोराला मोबाइलपासून दोन तास लांब ठेवावं म्हणून आणि स्वतःच अडकले.

असो, मुद्द्यावर येते. हा मॅक्स न्यूयॉर्कला नाटकात नशीब काढायला गेला, तिथे काही जमलं नाही म्हणून एडिसनच्या सिनेमा कंपनीत चिल्लर कामं करायला लागला. १९०३ मध्ये तिथे एडविन पोर्टर हा डायरेक्टर 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' काढत होता, जेमतेम बारा मिनिटांचा सिनेमा, आणि वाइल्ड वेस्टची गोष्ट असली तरी शूटिंग बरंचसं न्यू जर्सीत. घोड्यावर बसता येतं का विचारल्यावर याने बिनधास्त येतं म्हणून ठोकून दिलं आणि घोड्याने त्याला खाली आपटलं, हा किस्सा नंतर सगळ्यांनी चवीचवीने सांगितलाय. मग त्याला पायी चालायची कामं दिली. एकाच सिनेमात तीन रोल. त्यातला एक म्हणजे पळायला बघणारा आणि पाठीत गोळी खाऊन पडणारा प्रवासी.

दुसरा कोणी असता तर अंग चोळत घरी गेला असता. याने मात्र तो सिनेमा थिएटरात प्रेक्षकांमध्ये बसून पाहिला, लोक कसे ओरडतायत, उठून उभे राहतायत ते पाहिलं आणि पुढे आयुष्यात काय करायचं ते तिथेच ठरलं. माझ्या मते हा माणूस नट म्हणून बेताचाच होता, पण पब्लिकला काय पाहिजे ते ओळखण्यात एक नंबर.

१९०७ ला त्याने शिकागोच्या जॉर्ज स्पूरबरोबर कंपनी काढली. स्पूरचा एस आणि अँडरसनचा ए, म्हणून नाव एसने. स्पूरने शिकागोत बसून पैसा सांभाळायचा आणि याने युनिट घेऊन पश्चिमेला भटकायचं, आधी कोलोरॅडो, मग कॅलिफोर्निया. शेवटी १९१२ ला नाइल्समध्ये मुक्काम ठोकला. का तर तिथे रेल्वे होती, वर्षभर ऊन होतं (तेव्हा शूटिंग बहुतेक सूर्यप्रकाशावरच चालायचं) आणि गावाला लागूनच दरी, म्हणजे घोडे पळवायला आणि दरोडेखोर लपवायला आयती जागा.

आता खरी गंमत इथे आहे. त्या काळी कंपन्या नटांची नावंसुद्धा सांगायला नाखूश असायच्या, कारण नाव झालं की पगार वाढवून मागणार. हा तर स्वतःच अर्धा मालक, त्यामुळे ती भीती नाही. मग १९१० पासून त्याने ब्रॉन्को बिली हे एकच पात्र धरलं आणि त्याच्यावर सिनेमामागून सिनेमा काढला, एक-दोन रिळांचे (एक रीळ म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटं), जवळजवळ दर आठवड्याला एक, सगळे मिळून शंभराच्या बरेच वर. लिहिणारा तोच, डायरेक्टर तोच, हिरो तोच. एका सिनेमात बिली दरोडेखोर, पुढच्यात शेरीफ म्हणजे पोलीस प्रमुख, कधी कधी शेवटी मरायचासुद्धा आणि पुढच्या आठवड्यात परत हजर! कोणाची तक्रार नाही. लोकांना गोष्टीचा मेळ नको होता, तोच चेहरा परत बघायचा होता. आणि फॉर्म्युला ठरलेला, गुन्हेगार असतो पण मनाने चांगला, एखादं आजारी पोर नाहीतर अडलेली बाई दिसली की पकडले जाऊ हे माहीत असूनही थांबतो. हा मनाने चांगला डाकू आपण हिंदी सिनेमात किती वेळा पाहिलाय ते तुम्हीच आठवा.

१९१४ च्या शेवटी याने अजून एक डाव टाकला, चार्ली चॅप्लिनला आठवड्याला १२५० डॉलर आणि वर १०,००० डॉलर बोनस देऊन आणलं. स्पूरला चॅप्लिन कोण हेच नीट माहीत नव्हतं, बोनस द्यायला तो टाळाटाळ करत राहिला. चॅप्लिन नाइल्सला आला तर अँडरसनचा बंगला बघून हबकलाच, एवढा पैसेवाला माणूस आणि राहतो असा कळकट खोलीत, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. तरी तिथे पाच सिनेमे झाले, त्यात 'द ट्रॅम्प' पण. पुढे चॅप्लिन जास्त पैशांवर दुसरीकडे गेला, आणि १९१६ ला अँडरसन आपला हिस्सा स्पूरला विकून बाहेर पडला. नाइल्सचा स्टुडिओ बंद.

त्यानंतर उतरणच. न्यूयॉर्कला नाटकं काढली, सिनेमात परत यायचा प्रयत्न केला, पण तोवर विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स हे नवे काउबॉय हिरो आले होते आणि त्यांच्यापुढे हा जुनाट वाटायला लागला. एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, लॉरेल आणि हार्डी पहिल्यांदा एका सिनेमात दिसले तो 'द लकी डॉग', त्याचा निर्माता हाच होता. जोडी अशी ती अजून झालीच नव्हती, त्यामुळे याच्या हाताला काही लागलं नाही. मग लोक त्याला इतके विसरले की १९४३ च्या एका सिनेमात ब्रॉन्को बिली नावाचा भंगारात निघालेला नट दाखवला म्हणून याने ९ लाख डॉलरचा दावा ठोकला. १९५८ ला मानद ऑस्कर मिळालं तेव्हा वय ७८. १९६५ ला एका वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉय सिनेमात, छोटंसं काम केलं आणि १९७१ च्या जानेवारीत नव्वदाव्या वर्षी गेला.

ता. क. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'मधला तो फेमस शॉट, सरळ कॅमेऱ्याकडे पिस्तूल रोखून गोळ्या झाडणारा मिशीवाला, तो बिली म्हणून सगळीकडे फिरतो. तो बिली नाही, जस्टस बार्न्स आहे.