बेबी कॅरियर घेताना आधी बाळाचे पाय बघ

अगं, रंग आणि खिसे नंतर बघ, आधी बाळ आत कसं बसतंय ते बघ. मांडीला एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत खालून आधार हवा, गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर, म्हणजे आपण कडेवर घेतो ना तसंच. पाय सरळ खाली लोंबकळत असतील तर ते कॅरियर घेऊच नको, पहिल्या सहा महिन्यांत खुब्याचा सांधा अजून पक्का होत असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्वास. हनुवटी छातीला टेकता कामा नये, मध्ये तुझं एक बोट सहज गेलं पाहिजे, चेहरा कायम दिसला पाहिजे आणि मान वाकवली की टाळूची पापी घेता आली पाहिजे इतकं बाळ वर हवं. चार महिन्यांच्या आतल्या बाळांना गुदमरायची भीती जास्त असते म्हणून कपड्याच्या झोळीसारख्या स्लिंगमध्ये आडवं, गुंडाळी करून ठेवू नको. बाळ नऊ महिने भरायच्या आधी झालेलं असेल किंवा वजन कमी असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

मान नीट धरेपर्यंत तोंड तुझ्याकडेच.

तुझी पाठ दुखायची नसेल तर रुंद, पॅड असलेला कमरपट्टा बघ, तो पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. उन्हाळ्यात जाळीचं किंवा सुती बरं पडतं, घामाने दोघंही भिजता. आणि प्लीज, कॅरियर घालून गॅससमोर उभी राहू नकोस, स्कूटरवर तर अजिबात बसू नकोस.