इंग्रजीतील ‘मॅनकाइंड’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि आता त्याऐवजी ‘ह्यूमनकाइंड’ का लिहितात?

आपण विचारले आहे की स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी निबंधात ‘सर्व माणसे’ या अर्थाने ‘मॅनकाइंड’ लिहावे की ‘ह्यूमनकाइंड’, आणि हा शब्द वाक्यात कसा चालवावा. मी इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करतो आणि करारांच्या मसुद्यांत हे दोन्ही शब्द वरचेवर समोर येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘मॅनकाइंड’ म्हणजे मानवजात. आज हयात असलेली माणसे, पूर्वी होऊन गेलेली आणि पुढे जन्माला येणारी, अशी सगळी मिळून जी एक जात होते, तिचा हा शब्द आहे. देवी या रोगाचे उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली, ती मानवजातीची कामगिरी होती, अशा वाक्यात तो शोभतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभेला सर्वांनी यावे, हे सांगताना मात्र तो हास्यास्पद होतो. तिथे ‘एव्हरीवन’ किंवा ‘ऑल मेंबर्स’ पुरे.

व्याकरण सोपे आहे, पण आपल्याकडे चुका नेमक्या तिथेच होतात. या शब्दाला ‘द’ लागत नाही, त्याचे अनेकवचन होत नाही आणि क्रियापद एकवचनी येते. त्यामुळे ‘मॅनकाइंड हॅज’ बरोबर, ‘द मॅनकाइंड हॅव’ चूक. मनात ‘सर्व लोक’ असा अर्थ असल्यामुळे हात आपोआप अनेकवचनाकडे वळतो; मनातल्या मनात ‘मानवजात’ म्हणून पाहिले, तर क्रियापद चुकत नाही. ‘ह्यूमनकाइंड’लाही हेच नियम लागू आहेत.

आता वादाचा भाग. जुन्या इंग्रजीत ‘मॅन’चा अर्थ मुळात ‘माणूस’ असा होता. पुरुषासाठी ‘वेर’ आणि स्त्रीसाठी ‘विफ’ हे वेगळे शब्द होते. लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसाला ‘वेअरवुल्फ’ म्हणतात, त्यात हा ‘वेर’ अजून टिकून आहे. पुढे ‘वेर’ मागे पडला आणि ‘मॅन’ या एकाच शब्दावर माणूस व पुरुष असे दोन्ही अर्थ येऊन पडले. ‘मॅनकाइंड’मध्ये स्त्रिया येतात की नाहीत, ही शंका या दुहेरी भारातून आली आहे. कोश सांगतो की येतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र पुरुषच उभा राहतो, असा आक्षेप घेणाऱ्यांचा अनुभव आहे आणि मला तो खरा वाटतो.

हा आक्षेप नव्या पिढीचे खूळ आहे, असे समजणाऱ्यांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची हकीकत पाहावी. त्याच्या मसुद्यात पहिल्या कलमासाठी ‘ऑल मेन’ अशी शब्दरचना पुढे आली होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर तेव्हा भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या, महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरुपदी राहिलेल्या या विदुषीने हरकत घेतली की अशा शब्दांचा अर्थ स्त्रियांना वगळूनही लावला जाऊ शकतो. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा स्वीकारला गेला, तेव्हा पहिले कलम ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ या शब्दांनी सुरू होत होते. गंमत अशी की त्याच जाहीरनाम्याच्या उद्देशिकेत ‘कॉन्शन्स ऑफ मॅनकाइंड’ हे शब्द जसेच्या तसे राहिले. पन्नास वर्षांनी, १९९८ च्या रोम संविधीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या करारात, जवळपास तशाच वाक्यात ‘कॉन्शन्स ऑफ ह्यूमॅनिटी’ आले.

समुद्राच्या कायद्यात हा बदल आणखी स्पष्ट दिसतो. कोणत्याही देशाच्या हद्दीत न येणारा सागरतळ आणि तिथली खनिजे ही ‘कॉमन हेरिटेज ऑफ मॅनकाइंड’ आहेत, असे १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराचे १३६ वे कलम म्हणते. खुल्या समुद्रातील जैवविविधतेसाठी २०२३ मध्ये झालेल्या करारात या जुन्याच तत्त्वाचा हवाला देताना ‘हेरिटेज ऑफ ह्यूमनकाइंड’ असे लिहिले आहे. तत्त्व तेच, शब्द तेवढा बदलला. भाषांतरकाराला यात फारसे काही करावे लागत नाही, कारण मराठीत दोन्हीकडे ‘मानवजातीचा सामाईक वारसा’ असेच येते. ‘ह्यूमनकाइंड’ हा शब्दही कालपरवा घडवलेला नाही. तो सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे, फक्त मागे पडला होता. ‘पीपलकाइंड’ मात्र कुठे वाचलात तर लिहू नका. कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान ट्रुडो यांनी २०१८ मध्ये एका सभेत तो उच्चारला आणि नंतर तो आपला फसलेला विनोद होता, असे त्यांनाच सांगावे लागले.

‘ह्यूमॅनिटी’ हा तिसरा पर्याय चांगला आहे, पण त्याला मानवजात आणि माणुसकी असे दोन अर्थ आहेत. रोम संविधीतील ‘क्राइम्स अगेन्स्ट ह्यूमॅनिटी’चे आपण ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ करतो आणि ते चालून जाते, कारण ‘मानवता’ही दोन्हीकडे झुकते. ‘मॅनकाइंड’ला मात्र माणुसकीचा अर्थ अजिबात नाही. ‘त्याच्यात माणुसकी नाही’ यासाठी ‘ही हॅज नो मॅनकाइंड’ लिहिले, तर वाचणाऱ्याला काहीच बोध होणार नाही.

तेव्हा निबंधात आपल्या स्वतःच्या वाक्यांत ‘ह्यूमनकाइंड’ किंवा ‘ह्यूमॅनिटी’ लिहावे. अवतरणाला हात लावू नये: चंद्रावर १९६९ मध्ये ठेवलेल्या पाटीवर ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ असे कोरलेले आहे, ते उद्धृत करताना तसेच राहिले पाहिजे. आणि हा शब्द निबंधात एकदा, फार तर दोनदा यावा. प्रत्येक परिच्छेदात मानवजात आणली की लिखाण भाषणासारखे वाटू लागते. बहुतेक ठिकाणी साधे ‘पीपल’ अधिक नेमके बसते.