नाद पायांचा, हात गंगाजळीत

प्रश्न: मी तेहतीस वर्षांची, नोकरी करते. वीस महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या आग्रहाखातर आर्केडमधल्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या गाळ्यातल्या, 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' या पायांनी खेळायच्या नाचाच्या यंत्रावर पहिल्यांदा पाय ठेवला. पहिलं वर्षभर आठवड्यातून एकदाच जायचे. तेवढ्यात गाण्यांच्या अवघडपणाच्या चौथ्या पातळीवरून चौदाव्यापर्यंत पोचले. आता आठवड्यातून चारदा जाते, पण पंधरावी पातळी आठ महिने हुलकावणी देते आहे. पगाराचा जवळजवळ नववा हिस्सा त्यात जातो. दोन महिने तर गुंतवणुकीचा हप्ताही चुकला. जमेची बाजू अशी की जिम सोडली, वजन उतरलं, झोप छान लागते. सध्या एक जुनं, दोन खेळाडूंचं यंत्र विक्रीला आहे. आपत्कालीन निधीतून घेतलं तर दीड वर्षात वसूल होईल. नवरा म्हणतो, "हे व्यसन आहे, आणि तू ते घरात आणून बसवतेस." शनिवारी मैत्रिणींबरोबर आर्केडला जाणं मात्र सुटणार नाही. यंत्र घ्यावं का?

उत्तर: तुमचे नेमके आकडे उघड करत नाही. हाती येणारा पगार १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात सांगतो. घरखर्च आणि कर्जाचे हप्ते ६२, गुंतवणूक १५, आर्केड ११, किरकोळ १२. आपत्कालीन निधी २४०, म्हणजे घरखर्चाच्या चार महिन्यांना थोडा कमीच. यंत्र वाहतुकीसकट १९०.

तुम्ही १९० ला ११ ने भागलंत आणि सतरा महिने काढलेत. भागाकार बरोबर आहे, भाजक चुकला. शनिवार सुटणार नाही हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे चारातली एक फेरी राहणार आणि वाचणार ते ८. त्यातला १ तरी दरमहा यंत्राच्या देखभालीला बाजूला काढावा लागेल. उरले ७, आणि वसुली सत्तावीस महिन्यांवर गेली. जिमचे पैसे वाचतात ते खरं, पण ते यंत्र न घेताही वाचतातच, त्यामुळे या खात्यात धरता येणार नाहीत. आणि या सव्वादोन वर्षांत निधीत उरणार ५०. तेवढ्यात तुमच्या घराचा एक महिनासुद्धा निघत नाही.

पैशापुरतं उत्तर इथेच संपतं: यंत्र घेऊ नका. पण तुमचं पत्र नुसतं पैशाचं नाही, म्हणून एका संध्याकाळी मी स्वतः एका आर्केडमध्ये जाऊन तासभर उभा राहिलो. (एकदा खेळलोही. सगळ्यात सोप्या गाण्यावर. मागे उभ्या असलेल्या मुलांनी फार समजूतदारपणे दुसरीकडे पाहिलं.)

कोनामी कंपनीने १९९८ साली जपानच्या आर्केडमध्ये हा खेळ आणला. पायाखाली चार बाण, पडद्यावर खालून वर सरकणारे तेच बाण, आणि ठेका. एवढ्या साध्या गोष्टीत माणूस का अडकतो, ते तासाभरात कळलं. गाणं संपतं साधारण दीड-दोन मिनिटांत. एका टोकनात अशी तीनेक गाणी. म्हणजे आठ-दहा मिनिटांनी पडदा गप्प होतो, तुम्ही धापा टाकत यंत्राच्या पाठीमागच्या दांड्याला टेकलेल्या असता, आणि नेमक्या त्याच क्षणी पुन्हा पैसे टाकायचे की नाही हे ठरवायचं असतं. विचार करायला याहून वाईट वेळ दुसरी नसेल.

त्यात गुण देण्याची पद्धत अशी की चूक कधी धूसर राहत नाही. सगळ्यात वरचा शेरा 'मार्व्हलस'. तो मिळायला पाऊल ठेक्याच्या पुढेमागे सेकंदाच्या साठाव्या भागाइतक्या फटीत पडावं लागतं. त्याखाली परफेक्ट, ग्रेट, गुड, आणि मग मिस. अख्खं गाणं सांभाळून शेवटच्या कडव्यात एकच बाण निसटला की तो पडद्यावर नोंदला जातो, खात्यात साठतो आणि घरी जाताना डोक्यात वाजत राहतो. मी पाहिलेला एक मुलगा अशाच एका बाणावर हरला. त्याने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडदा विझायच्या आधी हात खिशात होता.

जुगाराच्या यंत्राशी याची तुलना होते, ती मला अर्धीच पटते. तिथे पुढचा डाव मागच्या डावाला ओळखत नाही. इथे ओळखतो, तुमच्या पायांनी खरंच काहीतरी शिकलेलं असतं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये हा खेळ सरकारी शाळांत व्यायामाच्या तासाला आणायचं ठरवलं, ते उगाच नाही. पण शिकण्याचा भाव चढत जातो आणि त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून मीच फाडतो. पहिल्या वर्षी तुमचे महिन्याला ३ जात होते, वर्षाचे ३६, आणि मिळाल्या दहा पातळ्या. एक पातळी ३.६ ला पडली. गेल्या आठ महिन्यांत ८८ गेले आणि पंधरावी अजून हाती नाही. मोजपट्टी विसापर्यंत आहे. नाद आहे म्हटल्यावर एवढा खर्च कोणी करू नये असं मी म्हणत नाही, पण "आता जवळ आलंय" या भावनेला या आकड्यांत आधार नाही, एवढं दिसतं.

आता नवऱ्याचा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' घातला आहे, ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. त्याच्या खुणा तीन: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं किंवा वाढणं, हे सहसा वर्षभर टिकलेलं असावं लागतं. मी डॉक्टर नाही आणि नोकरी, झोप, तब्येत जागेवर असलेल्या बाईला पत्रावरून शिक्का मारणार नाही. मात्र तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य मला यंत्राच्या किमतीचं वाटलं नाही. "दोन महिने हप्ताही चुकला" हे वाटलं. तो चुकला नाही, तुम्ही चुकवलात. महिना संपता संपता हप्ता आणि आर्केडच्या कार्डाचा रिचार्ज समोरासमोर आले आणि रिचार्ज जिंकला. नवऱ्याला हे दोन महिने माहीत आहेत का, हे पत्रात नाही. नसतील तर यंत्राची गोष्ट काढण्याआधी ते सांगा.

आणि यंत्र घरी आल्यावर काय होईल? आर्केडमध्ये तुम्हाला तीन गोष्टी थांबवतात: टोकन, मागे उभी असलेली रांग आणि दिवे मालवायची वेळ. घरात तिन्ही जातात. पहिली गेली की खिसा खूश, पण उरलेल्या दोन तुमचा वेळ आणि गुडघे राखत होत्या. उलटही होऊ शकतं. पाठीमागे बघणारे डोळे नाहीत, टाळी नाही, तर दोन महिन्यांत त्याच्या दांड्यावर कपडे वाळत पडतील. दोन्हींतलं काय घडेल हे मला सांगता येत नाही, तुम्हालाही येणार नाही. आणि जे सांगता येत नाही त्यावर १९० लावायला निधीतले पैसे वापरायचे नसतात.

शिवाय जुनं यंत्र म्हणजे काय, हेही बघा. काहीशे किलोंचं धूड. पत्र्याखालचे सेन्सर झिजले की बाण लागत नाहीत, मग पट्ट्या खोलून खाली चिकटपट्टीचे थर द्यायचे. सुरुवातीच्या यंत्रांत प्लेस्टेशनवर बेतलेली 'सिस्टिम ५७३' नावाची यंत्रणा आणि जाड काचेचा जुना पडदा. तो पडदा गेला तर दुसरा शोधत फिरावं लागतं. (५, ७, ३ हे आकडे जपानीत 'को-ना-मी' असे वाचता येतात, त्यावरून ते नाव. कंपनीची गंमत स्वस्त, सुटे भाग महाग.) नव्या यंत्रांची गाणी आणि खाती कंपनीच्या नेटवर्कवर चालतात; ते जोडलेलं नसेल तर आर्केडमधली तुमची गुणसंख्या घरी येणार नाही आणि नवी गाणीही नाहीत.

मधली वाट आहे. घरच्या संगणकाला जोडायचा पक्का, धातूचा, पायाखालच्या बाणांचा पॅड चौकशीनुसार तुमच्या मापात ३० ला पडतो. त्यावर स्टेपमॅनिया हा याच धर्तीच्या खेळाचा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्रॅम चालतो. घडीची कापडी मॅट घेऊ नका. चौदाव्या पातळीचे पाय तिला गुंडाळून टाकतील. पण तो पॅडही आज नाही. आधी आर्केड ११ वरून ६ वर आणा, म्हणजे आठवड्याला दोनच फेऱ्या. वाचलेले ५ पॅडच्या नावाने वेगळे ठेवा, सहा महिन्यांत ३० जमतील. या सहा महिन्यांत गुंतवणुकीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जाऊ द्या. आर्केडचं कार्ड महिन्यातून एकदाच, घरून निघण्यापूर्वी भरा. काउंटरवर कधीच नाही, आणि "जास्त भरा, बोनस मिळवा" याला तर मुळीच नाही. बोनसची फेरी खेळायलाही पुन्हा तिथेच जावं लागतं.

पॅड आल्यावर शनिवारची एक फेरी ठेवा, ३. उरलेल्या ८ पैकी २ देखभालीला आणि ६ निधीत. सहा महिन्यांच्या घरखर्चाला ३७२ लागतात, तुमच्याकडे २४० आहेत. बावीस महिन्यांत भरतील. सहा महिने दोन फेऱ्यांवर राहणं जमलंच नाही, तर पॅडचा विचारही सोडा आणि वर दिलेल्या 'गेमिंग डिसऑर्डर'च्या तीन खुणा पुन्हा एकदा वाचा, या वेळी नवऱ्याबरोबर.

एक तांत्रिक सूचना. टीव्हीवर खेळाल तर चित्र किंचित उशिरा येतं आणि सगळे मार्व्हलस परफेक्ट होतात. टीव्हीचा गेम मोड लावा, प्रोग्रॅममध्ये तो उशीर भरून काढायची सोय आहे ती वापरा, आणि मगच पायांना दोष द्या. पॅडखाली जाड रबर घाला, खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

यंत्र विकणाऱ्याला मात्र आजच नकार कळवा. "दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे" असं तो म्हणालाच, तर ते गिऱ्हाईक त्याला लखलाभ.