स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता' कधी आणि 'मे गुस्तान' कधी म्हणायचं?

आवडणारी गोष्ट एक असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. ती कोणाला आवडते याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यांचं इथे डोकं फिरतं, कारण तिथे 'मी' कर्ता असतो. तुम्ही सरळ मराठीतून बघा. 'मला पुस्तक आवडतं', 'मला पुस्तकं आवडतात'; अगदी तसंच 'मे गुस्ता एल लिब्रो', 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. 'मे' म्हणजे आपलं 'मला'. (लिंगाची भानगडही नाही: आवडतो, आवडते, आवडतं, सगळ्याला एकच 'गुस्ता'.) क्रम मात्र वेगळा, वस्तू सहसा क्रियापदानंतर येते. आणि माणसाचं नाव घेतलंत तरी सर्वनाम गाळायचं नाही: 'मारियाला पुस्तक आवडतं' हे 'आ मारिया ले गुस्ता एल लिब्रो' होतं, शब्दशः 'मारियाला तिला आवडतं पुस्तक'. मराठी माणूस हा 'ले' हमखास विसरतो. अनेकवचनाच्या नियमाला एक अपवाद आहे: आवडणाऱ्या गोष्टी क्रिया असतील तर दोन असल्या तरी 'गुस्ता'च. 'मे गुस्ता लेएर ई एस्क्रिबिर', म्हणजे मला वाचायला आणि लिहायला आवडतं. इथे आपणही 'आवडतात' म्हणत नाहीच की.